गडर लाइन रस्त्यापर्यंत येते, घरापर्यंत कोण नेणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नागपूरच्या नाग नदीच्या शुद्धीकरणाची बातमी आली की दोन आकडे ठळक छापून येतात. एक सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा, दुसरा ९२ एमएलडीचा, म्हणजे रोज ९२ दशलक्ष लिटरचा. जायका या जपानी संस्थेचे कर्ज, तीन नवी मलजल शुद्धीकरण केंद्रे, जुन्या गडर लाइनची, म्हणजे मलवाहिनीची, दुरुस्ती, हे सगळे हवेच आहे. पण हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा, पारडी, कळमना या बाजूच्या लेआउटमध्ये राहणाऱ्याला विचारा. त्याचा प्रश्न बारा मीटरचा असतो. घरातल्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंतचे ते बारा मीटर निविदेत सहसा नसतात, कारण त्यातले निम्मे खासगी जागेत पडतात आणि उरलेले निम्मे 'नागरिकांनी डिमांड (जोडणी शुल्क) भरून घ्यावे' या वाक्यात संपतात. त्याच बारा मीटरबद्दल थोडे सविस्तर लिहितो आहोत. लाइन चालणार की तुंबणार, हे तिथेच ठरते.

आधी हिशेब. तीनशे घरांचा लेआउट धरा, घरी सरासरी साडेचार माणसे, म्हणजे १,३५० माणसे. केंद्राच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले तर दिवसाला सुमारे १,४६,००० लिटर होतात. सरासरी सेकंदाला १.७ लिटर, सकाळच्या गर्दीत त्याच्या तिप्पट, म्हणजे ५ लिटर. एवढ्या प्रवाहाला मार्गदर्शिका हजार मीटरला ३.१ मीटर उतार मागते. तीनशे मीटरच्या गल्लीत तो ९३ सेंटिमीटर होतो आणि सहज बसतो.

आता तीनशेपैकी साठच घरे जोडली गेली असे धरा. गर्दीच्या वेळचा प्रवाह सेकंदाला जेमतेम १ लिटर उरतो. २ लिटरच्या प्रवाहालाच हजारी ६ मीटर उतार लागतो, १ लिटरला त्याहून जास्त. पाइप मात्र ३.१ च्या उताराने टाकून, वर सिमेंट रोड होऊन मोकळा झालेला असतो. पाण्याला सेकंदाला ०.६ मीटरचा वेग मिळाला नाही की पाणी पुढे जाते आणि मैला, केस, वाळू मागे बसते. दोन उन्हाळ्यांत तो थर घट्ट होतो. मग ठेकेदाराने निकृष्ट काम केले म्हणून ओरड होते. कधी ती खरी असतेही; पण अनेकदा लाइन धड असते, तिला पुरेसे पाणीच मिळालेले नसते. म्हणून घरजोडणी ही नागरिकाची खासगी सोय समजणे चूक आहे. तो लाइनचाच भाग आहे, मॅनहोलच्या झाकणाइतका.

जोडणीत काय काय येते? घराच्या आत ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप, स्वयंपाकघर आणि मोरीच्या पाण्यासाठी गली ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारे भांडे), संडासाचा पाइप थेट चेंबरला, ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाण्याची सील, छताच्या वर जाणारा जाळीच्या टोपीचा हवेचा पाइप. हा हवेचा पाइप वाचवण्याची फार हौस दिसते. तो नसला की वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सुटताना ट्रॅपमधले पाणी ओढले जाते, सील तुटते आणि लाइनचा वास थेट घरात येतो. मग गडर लाइनपेक्षा आमची टाकीच बरी होती, असे शेजारीपाजारी बोलू लागतात आणि उरलेली घरे जोडणी घेत नाहीत. कुंपणाच्या आत एक चेंबर, तिथून रस्त्यातल्या लाइनपर्यंत साठास एक उताराने पाइप. बारा मीटरला वीस सेंटिमीटर. उतार कमी ठेवला तर मैला बसतो, हे सगळ्यांना कळते.

जिथे पाइप लाइनला मिळतो, तिथे खरा घोळ होतो. वाय (Y आकाराची) फिटिंग किंवा सॅडल (पाइपवर बसणारा जोड) बसवून, वरच्या अर्ध्या भागात, प्रवाहाच्या दिशेने तिरके मिळवायचे. त्याहून उत्तम म्हणजे सरळ मॅनहोलमध्ये. प्रत्यक्षात काय होते? रात्री मजूर बोलावून मुख्य पाइपला छन्नीने भोक पाडले जाते, त्यात ११० चा पाइप खुपसला जातो आणि भोवती सिमेंट थापले जाते. आत चार बोटे पुढे आलेल्या त्या टोकाला पहिला कपडा अडकतो, मग सॅनिटरी पॅड, मग चोक. पाण्याच्या जोराने चोक काढणाऱ्या जेटिंग मशीनची होज तिथेच अडते. अनधिकृत जोडणी म्हणून दंडाची भाषा होते, पण अधिकृत जोडणीसाठी वाय फिटिंग टाकूनच ठेवली असती तर छन्नी कोणी घेतली असती?

सेप्टिक टाकीचे काय करायचे, हेही कोणी सांगत नाही. टाकी तशीच ठेवून तिचा ओव्हरफ्लो लाइनला जोडणे सोपे वाटते. असे केले की मैला टाकीतच बसतो, टाकी उपसण्याचा खर्च सुटत नाही, आणि लाइनला मिळते ते कुजलेले पाणी. त्यातला हायड्रोजन सल्फाइड आरसीसी पाइपच्या वरच्या बाजूला आम्ल बनून सिमेंट खातो. पाइप खालून नाही, छतातून बसतो. त्यामुळे टाकी बायपास झालीच पाहिजे. सक्शन टँकरने उपसा, धुवून पुन्हा उपसा, तळाला भोक पाडा म्हणजे पावसाचे पाणी आत साचणार नाही, मग मुरूम थराथराने टाकून ठोका. घरचा मलबा, विटांचे तुकडे कोंबू नका. त्यात पोकळ्या राहतात आणि दोन पावसाळ्यांनी त्यावरची फरशी खचते. हे सगळे दोन दिवसांचे काम आहे. टाकीत कोणीही उतरायचे नाही, एक मिनिटासाठीही नाही. २०१३ चा कायदा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली आहे. घरमालकाने 'जरा खाली उतरून बघ रे' म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पावसाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. हजार-अकराशे चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरचे छत. तासाला ५० मिलिमीटर पाऊस. छतावरून तासाला ५,००० लिटर, सेकंदाला १.४ लिटर पाणी येते. अशी चारच घरे छताचा पाइप गडरला जोडून मोकळी झाली की सगळ्या तीनशे घरांच्या सकाळच्या सांडपाण्याहून जास्त पाणी एकदम लाइनमध्ये उतरते. जुलैत मॅनहोलची झाकणे उसळतात, ती याने. त्यात रस्त्यावर साचलेले पाणी जावे म्हणून लोकच झाकणे काढून ठेवतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरले, त्या दिवसापासून तरी पावसाची नाली वेगळी आणि सांडपाण्याची गडर वेगळी हे शहराला पाठ व्हायला हवे होते. छताचे पाणी नालीला किंवा शोषखड्ड्याला. गडरला एक थेंबही नाही.

सिमेंट रोडबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरचे पत्र पुरे होत नाही. रोड चांगले आहेत, टिकतात. पण जुन्या डांबरी रस्त्यावरच काँक्रीट ओतल्याने अनेक गल्ल्यांत रस्ता वर गेला आणि घरे खाली राहिली. गडरच्या दृष्टीने याचा अर्थ बघा. घरातल्या मोरीचा पाइप अंगणात साधारण ४५ सेंटिमीटर खोल असतो. प्लॉट रस्त्यापेक्षा ६० सेंटिमीटर खाली. बारा मीटरच्या उताराचे २० सेंटिमीटर. बेरीज सव्वा मीटर. आणि गल्लीच्या सुरुवातीची लाइन टाकली असते एक मीटरवर! पाणी वर चढणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. म्हणून लाइनची खोली रस्त्याच्या लेव्हलवरून काढू नये. गल्लीतल्या सगळ्यात खोलगट प्लॉटच्या मोरीची लेव्हल घ्यावी आणि पहिला मॅनहोल गरज पडली तर दीड मीटरवर ठेवावा. ज्या घराची फरशी वरच्या बाजूच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे, त्याच्या चेंबरमध्ये उलटे पाणी अडवणारा फ्लॅप व्हॉल्व्ह हवा. तो बसवून विसरून जायची वस्तू नाही. त्यात केस अडकले की तो अर्धवट उघडा राहतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून धुवायचा.

आणि रोड होण्यापूर्वी प्रत्येक प्लॉटसमोर जोडणीचा पाइप कुंपणापर्यंत टाकून, टोकाला कॅप लावून, भिंतीवर खूण करून ठेवायचा. मोकळ्या प्लॉटलाही. आज रिकामा आहे तिथे तीन वर्षांनी दोन मजली घर उभे राहते आणि नवा सिमेंट रोड कटरने कापला जातो. कापलेली जागा पुन्हा कधी समतल झालेली कोणी पाहिली असेल तर कळवावे.

जमिनीचाही स्वभाव आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्टचा कठीण खडक लवकर लागतो; तिथे फोडण्याचा खर्च वाचवायला खोली चोरली जाते. पूर्वेला काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. तिथे पाइप थेट मातीवर टाकला की मधे पोट पडते आणि त्या पोटात कायम मैला. पाइपखाली १०० ते १५० मिलिमीटर वाळू किंवा बारीक गिट्टीचा थर, बाजूला आणि वर ३० सेंटिमीटरपर्यंत निवडक मुरूम, तोही हाताने ठोकून. खणलेल्या काळ्या मातीची ढेकळे परत लोटायची नाहीत. दीड-दोन मीटरपेक्षा खोल चराला आधाराच्या फळ्या. मॅनहोल दर ३० मीटरला आणि प्रत्येक वळणावर. दोन पाइपांत ६० सेंटिमीटरहून जास्त उंचीचा फरक असेल तर ड्रॉप मॅनहोल, म्हणजे पाणी उभ्या पाइपने तळाशी उतरवणारा, नाहीतर पडणारे पाणी तळ खाते. काम तपासायला महागडे यंत्र लागत नाही: एका मॅनहोलमध्ये दिवा, दुसऱ्यात आरसा. पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप सरळ, चंद्रकोर दिसली तर पोट. ही चाचणी चर बुजण्यापूर्वी, लेआउटमधल्या दोन नागरिकांसमोर व्हावी.

आता थोडे दूरचे, पण याच प्रश्नाचे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेलगत, विशेषतः टेक्सासमध्ये, 'कोलोनिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन हजारांहून अधिक वस्त्या आहेत. शहराच्या हद्दीबाहेरची शेतजमीन तुकडे पाडून हप्त्यावर विकली; शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच; रस्ता, पाणी, गडर काही नाही. इसार चिठ्ठीवर प्लॉट घेऊन वीस वर्षे आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची, वाट पाहणाऱ्या नागपूरकराला हे वर्णन ओळखीचे वाटेल. टेक्सासने १९८९ मध्ये अशा वस्त्यांच्या पाणी आणि मलनिस्सारणासाठी स्वतंत्र कार्यक्रम काढला आणि त्याच वेळी नव्या कोलोनिया पडू नयेत म्हणून ज्या काउंटीला निधी हवा तिने प्लॉट पाडण्याचे नियम आधी लागू करावेत, अशी अट घातली. इकडे गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा झाला. नवी गुंठेवारी थांबवण्याची इतकी नेमकी अट मात्र निधीला जोडली गेली नाही.

तिथे पहिली ठेच त्याच बारा मीटरना लागली. लाइन गल्लीत आली आणि घरे जोडलीच गेली नाहीत, कारण घरातले प्लंबिंग नियमात बसत नव्हते आणि ते दुरुस्त करायला, जोडणी घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते. शेवटी घरजोडणी आणि आतल्या प्लंबिंगसाठी वेगळ्या निधीची सोय करावी लागली.

दुसरी गोष्ट हद्दीची. सांडपाण्याला पासपोर्ट लागत नाही, उतार लागतो. मेक्सिकोतल्या नोगालेस शहराचा उतार उत्तरेला, अमेरिकेच्या ॲरिझोनाकडे. म्हणून दोन्ही देशांतल्या नोगालेस नावाच्या जोडशहरांचे सांडपाणी सुमारे १४ किलोमीटरच्या एकाच मोठ्या लाइनने रिओ रिको इथल्या सामाईक केंद्रात जाते. जुलै २०१७ मध्ये पुराने ही लाइन फुटली आणि नाल्यात मैला वाहिला. लाइन नाल्याच्या पात्रालगत टाकण्याची किंमत ती. आपली नाग आणि पिवळी नदीकाठची मोठी गडर याच जातीची आहे. मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या सीमेवर अमेरिकेने दिवसाला अडीच कोटी गॅलनचे, म्हणजे सुमारे ९५ एमएलडीचे केंद्र बांधले, तरी पलीकडचे पंप आणि लाइन बंद पडल्या की मैला तिहुआना नदीतून इम्पीरियल बीचच्या समुद्रात येतोच. नुसते केंद्र बांधून नदी साफ होत नाही, याचे इतके खर्चिक उदाहरण दुसरे नसेल.

१९९३ मध्ये या दोन देशांनी सीमाभागासाठी एक आयोग आणि एक विकास बँक नेमली. २०१७ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या. तिथली पद्धत घेण्यासारखी आहे. प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या बसतो का, देखभालीचा खर्च कुठून येणार, लोकांसमोर आराखडा ठेवला का, याचा दाखला आधी, कर्ज नंतर.

आपल्याकडे दोन देश नाहीत. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नगरपंचायत आणि ग्रामपंचायत एवढेच आहेत, तरी बेसा-पिपळ्याकडचा उतार कोणाच्या हद्दीत संपतो यावर फायली फिरतात. पाणी पोरा नदीकडे उतरते, नाग आणि पिवळीतून कन्हानला, तिथून वैनगंगा आणि गोसेखुर्द धरणाला. कोराडीच्या वीज केंद्राला भांडेवाडीहून १३० एमएलडी क्षमतेच्या प्रकल्पातले शुद्ध केलेले पाणी जाते, हे या शहराने करून दाखवलेले काम आहे. म्हणजे सांडपाणी गोळा झाले तर त्याला गिऱ्हाईकही आहे. गोळा होत नाही ते घराच्या दारात.

काम खालून वर व्हावे. आधी शेवटचे टोक: मोठी लाइन, पंपिंग स्टेशन, केंद्र. मग उपलाइन, मग गल्ली. नगरसेवक निधीतून गल्लीतली लाइन आधी टाकली जाते आणि तिचे दुसरे टोक मोकळ्या प्लॉटमध्ये किंवा पावसाळी नालीत सोडले जाते, तेव्हा ती गडर नसते, शेजाऱ्याकडे ढकललेली घाण असते. जिथे पाच वर्षांत लाइन येणारच नाही तिथे तसे स्पष्ट सांगून टाक्यांचा दर दोन-तीन वर्षांनी उपसा आणि टँकर शुद्धीकरण केंद्रातच रिकामा होतो याची नोंद ठेवावी. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटरवर हवा. अकराशे-बाराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर ते अंतर बसतच नाही, म्हणून या भागातल्या विहिरी पिण्यासाठी वापरू नयेत.

आमच्या मागण्या अंदाजपत्रकाच्या भाषेत. प्रत्येक घरामागे कुंपणाचे चेंबर, बारा मीटर पाइप, वाय फिटिंग, टाकीचा उपसा आणि मुरूमभराव हे कामाच्या निविदेतच एक बाब म्हणून यावे, वेगळी डिमांड नोट नको. शुल्क घ्यायचेच तर घरकराच्या बिलातून हप्त्यांनी. जोडणीसाठी आरएल किंवा आखीव पत्रिका (नगर भूमापनाचा मालकी उतारा) मागू नये, वीजबिल आणि शपथपत्र पुरे. जोडणी हा मालकीचा पुरावा नाही, असे त्याच अर्जावर छापा. ठेकेदाराचे शेवटचे देयक लाइनच्या लांबीवर नाही, सहा महिन्यांत प्रत्यक्ष जोडल्या गेलेल्या घरांच्या टक्केवारीवर द्यावे. ज्या गल्लीत जेटिंग मशीन शिरत नाही, तिथे चेंबरची अंतरे कमी आणि छोटे यंत्र, माणूस नाही. आणि हद्दी कोणाच्याही असोत, नकाशा उताराचा एकच असावा.

तोवर नागरिकांनी एक करता येईल. आपल्या गल्लीत सिमेंट रोडची खडी पडली की कनिष्ठ अभियंत्याला दोन गोष्टी लेखी विचारा: आमच्या प्लॉटचा जोडणी पाइप कुठे सोडला आहे, आणि पहिल्या मॅनहोलची खोली किती? उत्तर मिळेपर्यंत काँक्रीटची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तरी चालेल.

आपले,
मलनिस्सारणाच्या कामातले काही निवृत्त अभियंते आणि परवानाधारक प्लंबर, नागपूर